पंधरा किलोच्या बॅगेतले चारशे दहा ग्रॅम

मसाई माराचे फोटो टाकल्यापासून इथल्या आपल्या मंडळींचे फोन काही थांबेनात. "सफारीला काय काय न्यायचं? मुलांना झेपतं का? वजनाचं कसं करता?" एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पण आधीच सांगून ठेवतो... यात टिप्सबरोबर आणखी एक गोष्ट येणार आहे. ती गाळून लिहायचा प्रयत्न केला, पण जमत नाही, कारण ती बॅगेच्या वजनातूनच सुरू झाली.

मी दोहात चौदा वर्षं आहे. इंडस्ट्रियल एरियात एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये नोकरी. म्हणजे लोकांचे वजनकाटे खरं बोलतात का खोटं, ते तपासून सर्टिफिकेट द्यायचं. सोनाराच्या काट्यापासून ट्रक तोलायच्या काट्यापर्यंत सगळं. त्यामुळे आत्मा, संकेत, भास असलं काही ऐकलं की माझं डोकंच फिरायचं. आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात कुणी रिकाम्या व्हिलाच्या गोष्टी सुरू केल्या की मी विचारायचो, "किती ग्रॅमचं होतं भूत?" आणि ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसायचो. शर्वरी, माझी बायको, म्हणायची, "कुजकटपणाचं सर्टिफिकेट कोण देतं रे तुला?"

घरात आम्ही तिघं. मी, शर्वरी आणि नऊ वर्षांची इरा. फरीज बिन ओमरानमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट. आणि दर हिवाळ्यात चौथी माझी आई. तासगावहून नोव्हेंबरात यायची, मार्चमध्ये परत जायची.

आईचं आणि आमच्या एसीचं कधी पटलं नाही. "भाईर ऊन आन् घरात हिमालय! काय रं ह्यो देश तुमचा!" इराला बाळदमा आहे. गार हवा लागली की छाती वाजायला लागते. ह्या एसीपायीच आईनं तिच्या जन्माच्या वेळी आपल्या जुन्या सुती लुगड्यांचं एक दुपटं शिवलं होतं, हातानं, बारीक टाक्यांचं. इरा दोन महिने आधी जन्मली. डॉक्टर म्हणाले, रोज वजन करा आणि लिहून ठेवा. मग काय, मी लॅबमधला काटाच घरी आणला! पण एवढासा जीव एसीत उघडा कसा ठेवायचा? आईनं ठेवूच दिला नाही. मग इराला दुपट्यासकट काट्यावर ठेवायचं आणि दुपट्याचं वजन वजा करायचं. वाणी तेलाच्या डब्याचा धडा करतो ना, तसं. रोजचा आकडा मी एका वहीत लिहायचो. इराचं वजन दहा ग्रॅमनं वाढलं तरी आई काट्याला नमस्कार करायची.

इरा मोठी झाली तरी दुपटं सुटलं नाही. आई ते तिच्या पाठीवरून घ्यायची, दोन्ही बाजू छातीवर आणायची आणि टोक तिच्या मुठीत द्यायची. "टोक मुठीत घट धर. म्हंजे वारं शिरत न्हाई." इरा शाळेत दिवसभर इंग्लिश, पण आजीशी बोलायचं म्हणजे अस्सल तासगावी. "आजी, मला झोप येतीया," असं म्हणायची आणि आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

सफारी या दोघींचीच कल्पना. टीव्हीवर हत्तीची पिल्लं आईची शेपटी धरून चालताना बघितली आणि आई म्हणाली, "मरायच्या आधी ही पिल्लं एकदा बघायची." दोहाहून नैरोबी म्हणजे पाच-सहा तासांचा प्रवास. ठरलं. आई या वेळी उन्हाळ्यापर्यंत राहणार आणि जुलैत सगळे मिळून जाणार.

नोव्हेंबरात तिच्या तिकिटाला दहा दिवस उरले होते. पहाटे भावाचा फोन आला. आई झोपेतच गेली.

मिळालं त्या विमानानं मी निघालो. इरानं माझा शर्ट धरून ठेवला होता. "मला पण यायचंय. मला आजीला बघायचंय." शर्वरी म्हणाली, "ने रे तिला." मी नाही म्हणालो. परीक्षा होती, मुलगी लहान होती, तिला बघवणार नाही असं वाटलं. खरं सांगू? तिच्यासमोर रडायची माझी तयारी नव्हती. गल्फमध्ये राहणाऱ्या किती जणांनी असं केलं असेल... मुलांना इथे ठेवायचं, आपण जायचं, उरकून यायचं. त्यांचा निरोप आपल्या हिशेबात धरायचाच नाही.

मी दारात बूट घालत होतो, तेव्हा इरानं दुपटं आणून माझ्या हातात दिलं. "आजीला दे. तिला गार लागेल."

मी दिलं. स्मशानात शालीखाली, आईच्या छातीवर, कुणाला कळू न देता ठेवलं. आईबरोबर तेही गेलं.

परत आलो तर इरा दारातच उभी. "घेतलं का तिने?"

मी म्हणालो, "तू जेवलीस का?"

त्या दिवसापासून इरा माझ्याशी मराठी बोलली नाही. भांडली नाही, रडली नाही. नुसतं "ओके, बाबा," "फाइन, बाबा." शर्वरीशी थोडंफार बोलायची, माझ्याशी तेवढंच. आठ महिने! पोटची पोर घरात असून घर सुनं वाटायचं.

सफारी रद्द करायची म्हणत होतो, तर शर्वरी अडून बसली. "तिच्या आजीनं कबूल केलेलं आहे. जायचं." म्हणून गेलो.

आता टिप्स. यलो फीवरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड जपा. केनियाहून पुढे भारतात जाणार असाल तर तिथे विचारतातच. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, मुलांच्या वेगळ्या. कपडे मातकट रंगाचे. गडद निळे आणि काळे नकोत, तिथल्या चावऱ्या माश्या त्या रंगांवर येतात. आणि आपल्या बायकांसाठी खास सूचना — केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आमच्या शर्वरीनं चिवडा एका कॅरीबॅगेत, चपला दुसऱ्या कॅरीबॅगेत, आणि त्या सगळ्या कॅरीबॅगा तिसऱ्या कॅरीबॅगेत बांधल्या होत्या. सगळं सोडून कापडी पिशव्यांत भरायला लावलं. दोन दिवस बोलत नव्हती.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅग. नैरोबीहून माराला छोटं विमान जातं. माणशी पंधरा किलो, हातातलं सामान धरून. कडक सुटकेस चालत नाही, मऊ बॅगच लागते. माझी आणि शर्वरीची बॅग भरली होती. इराचे कपडे छोटे, म्हणून कॅमेरा, लेन्स, दुर्बिणी तिच्या बॅगेत टाकल्या. माझी पद्धत अशी की एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची, कागदावर लिहायची, मग बेरीज. इराच्या बॅगेची बेरीज रिकाम्या बॅगेसकट १४ किलो ७८० ग्रॅम. छान. मग भरलेली बॅग हातकाट्याला लटकवली.

१५ किलो १९०.

पुन्हा तोललं. पुन्हा बेरीज केली. फरक ४१० ग्रॅम. सगळं बाहेर काढलं, अस्तर चाचपलं, परत भरलं. ४१०. आकडा कुठेतरी ओळखीचा वाटत होता, पण आठवेना. इरा सोफ्यावर पाय घेऊन माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी बॅग लॅबमध्ये नेली! हसा तुम्ही. पण कामाला काटे तपासायचे आणि घरी काटा खोटा बोलतोय म्हणजे काय? बशीरभाई म्हणून माझे जोडीदार आहेत, कोझिकोडचे, तीस वर्षं याच धंद्यात. त्यांनी आमची प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला. बिनचूक. मग टेबलावर एकेक वस्तू तोलली. बेरीज १४.७८०. बॅग भरली, काट्यावर ठेवली. १५.१९०. बशीरभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"साब, काँटा ठीक है."

"तो फिर ग़लत क्या है?"

त्यांनी बॅगेची चेन लावून ती माझ्याकडे सरकवली. "बच्ची का बैग है ना? खलास. जाने दो."

जाने दो म्हणणं सोपं, पण पंधराच्या वर जाऊन कसं चालेल? काहीतरी काढायलाच हवं होतं. मी इराचं जाड जाकीट काढलं. ४३० ग्रॅम.

"बाबा, माय जॅकेट..." इरा म्हणाली.

"अगं, आफ्रिका आहे ती! विषुववृत्त! तिथे कसली थंडी?"

शर्वरी म्हणाली, "पहाटे गार असतं म्हणतात तिकडे."

"इथे बाहेर चव्वेचाळीस आहे, शर्वरी. आपण भाजून निघालेली माणसं. आपल्याला कसली थंडी वाजतेय!" माझी चूक इथे झाली. दोहात राहून आपल्याला वाटतं, थंडी म्हणजे फक्त एसीची, बटण दाबलं की बंद. मारा उंचावर आहे आणि जुलै म्हणजे तिथला गारठा. पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात. जाकीट घ्या. काहीही काढा, जाकीट काढू नका.

नैरोबीच्या छोट्या विमानतळावर बॅग तोलली तेव्हा काटा म्हणाला १४.७६. म्हणजे जाकीट गेलं, पण ते ४१० ग्रॅम आमच्याबरोबर आलेच होते.

आता दुसऱ्या दिवसाची पहाट. आमचा गाइड-ड्रायव्हर जोसेफ, पन्नाशीचा शांत माणूस. जीपमध्ये चढत्या तीन ओळी. शर्वरी आणि मी सगळ्यात मागे. इरा मधल्या ओळीत एकटी. माझ्या शेजारी बसायचं नव्हतं तिला, आणि शर्वरीला म्हणाली, "आय वॉन्ट बोथ साइड्स." गाडीतली ब्लँकेटं रात्रीच्या पावसानं ओलीचिंब झालेली. शर्वरीनं आपली ओढणी इराला गुंडाळली. पातळ शिफॉनची ओढणी, तिची काय ऊब? मी म्हणालो, सूर्य वर आला की होईल ठीक.

अर्ध्या तासात सिंहीण दिसली. तीन बछडे. जोसेफनं गाडी थांबवून इंजिन बंद केलं. सिंहीण चालत चालत आमच्याकडे आली आणि गाडीपासून दोन हातांवर आडवी झाली. बछडे खेळत खेळत थेट गाडीखाली शिरले. आम्ही तोंडावर हात ठेवून बघतोय, काय आनंद झालेला!

जोसेफ न वळता हळू आवाजात म्हणाला, कुणी उठायचं नाही, हलायचं नाही. पिल्लं चाकांपाशी आहेत, गाडी सुरू करता येणार नाही.

आणि तेव्हा मला इराच्या छातीची शिट्टी ऐकू आली.

ज्यांच्या घरी दमा आहे त्यांना तो आवाज सांगायला नको. आधी बारीक, मग प्रत्येक श्वासाला. तिचे खांदे वर-खाली व्हायला लागले. इनहेलर कुठे? तंबूत. तिच्या मोठ्या बॅगेत, औषधांच्या पिशवीत, मी नीट वजन करून ठेवलेला! (इनहेलर मुलाच्या खिशात ठेवा. बॅगेत नाही. खिशात.) मी अर्धा उठलो तर सिंहिणीनं मान उचलून माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या घशातून जो आवाज आला, तो माझ्या पोटात वाजला. जोसेफनं हात दाखवला... बसा. शर्वरीनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की नंतर दोन दिवस वळ होता. माझी पोर माझ्यापासून हातभर अंतरावर श्वासासाठी झगडत होती आणि मी तिला शिवू शकत नव्हतो. थंडीनं माझी बोटं बधिर झाली होती. मी देवाला हाक मारली नाही, सवयच नाही. मी मनात म्हणालो, आई गं.

मग जे पाहिलं ते तसंच लिहितो, भर न घालता.

इरानं मान एका बाजूला झुकवली. माझी आई तिच्या पाठीवरून दुपटं घ्यायची तेव्हा ती झुकवायची, तशीच. तिचे दोन्ही खांदे खाली आले. डावा हात छातीशी गेला आणि मूठ मिटली. मुठीत काही नव्हतं. ओढणी तर केव्हाच घसरून सीटवर पडली होती. पण तिनं ती मूठ तशीच घट्ट धरून ठेवली. शिट्टी बारीक झाली, मग थांबून थांबून यायला लागली, आणि शेवटी बंद झाली. पोरगी एकसारखा, लांब श्वास घेत होती.

किती वेळ गेला, माहीत नाही. बछडे बाहेर आले, सिंहीण उठून गवतात गेली. मी सीटवरून उडी टाकून पुढे गेलो आणि इराच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती. रजईतून नुकत्याच उठलेल्या मुलाची असते तशी. शर्वरीनं कपाळ बघितलं, गळा बघितला. "ताप नाहीये," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून रडायलाच लागली.

तंबूत आलो. आधी इनहेलर दिला, दोघी झोपल्या. मी काय केलं असेल? मी हातकाटा काढला. मला दुसरं काही येत नाही हो! इराची बॅग रिकामी केली. जे खाऊन संपलं ते यादीतून वजा केलं, उरलेलं एकेक कापडी पिशवीत लटकवून तोललं. बेरीज १४.१३. मग सगळं भरून बॅग लटकवली.

१४.१३.

तीनदा तोललं. फरक शून्य. तंबूच्या खांबाला बॅग लटकतेय आणि मी खाली मांडी घालून बसलोय. मागून आवाज आला, "बाबा, काय करतोयस?"

मराठीत. आठ महिन्यांनी. मी वळलोच नाही.

"बॅगेत काहीतरी जास्तीचं होतं ना... ते आता नाहीये गं. कुठे गेलं कळत नाही."

"आजी घेऊन गेली," इरा म्हणाली. अगदी सहज, पाण्याची बाटली कुठे आहे ते सांगावं तसं. माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसली. "घेतलं होतं तिने, बाबा. सकाळी मला थोडा वेळ पांघरलं. मग परत घेऊन गेली. तिला गार लागतं ना."

मी तिला सगळं सांगितलं तिथेच. कुठे ठेवलं दुपटं, कसं ठेवलं, त्याचं पुढे काय झालं. आणि म्हणालो, "तुला न्यायला हवं होतं. माझं चुकलं, बाळा." ती रडली. आजीसाठी पहिल्यांदा रडली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, भरपूर. मीही रडलो. शर्वरी उठून आली आणि काही न विचारता आमच्यात बसली.

त्या संध्याकाळी हत्तींचा कळप दिसला. सगळ्यात मागे दोन पिल्लं, एकानं खरंच आईची शेपटी धरली होती. इरा माझ्या शेजारी बसली होती. ती पुटपुटली, "आजी, बघ की गं." मी कॅमेरा उचलला नाही. म्हणून तुम्ही विचारता तो हत्तीच्या पिल्लांचा फोटो माझ्याकडे नाही.

दोहाला आल्यावर कपाटाच्या वरच्या खणातून ती जुनी वही काढली. बाळ इराच्या वजनांची. पहिल्याच पानावर, माझ्याच अक्षरात, चौकटीत लिहिलेलं होतं — वजा दुपटं : ४१० ग्रॅम.

बशीरभाईंना वही दाखवली. त्यांनी आकडा वाचला, वही मिटली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली. कुणी म्हणेल, इराचा दमा आपसूक शांत झाला असेल, अंगाची ऊब मला भासली असेल, मान्य. पण दोन देशांतल्या चार काट्यांना भास होतो का? नऊ वर्षांपूर्वीचा आकडा त्यांना कुणी सांगितला? मला माहीत नाही. मी काटा आजही रोज तपासतो आणि ह्याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. हल्ली शोधतही नाही.

तर शेवटची टीप. पंधरा किलोची मर्यादा असली की लोक १४.९९९ पर्यंत भरतात. मी आता १४.५९० ला थांबतो, विमान कुठलंही असो. उरलेली जागा तशीच ठेवतो. शर्वरी काही विचारत नाही. इरा मात्र चेन लावायच्या आधी काट्यावरचा आकडा स्वतः बघते, आणि म्हणते, "हां. आता बसंल."